पाच देशांच्या बाई

आमच्या बाईंसमोर ‘असं असतं’ म्हणायची सोय नव्हती.

‘संचालकाला कंपनीची माहिती स्वतःच्या फायद्यासाठी वापरता येत नाही,’ असं कुणी म्हटलं की बाई लगेच विचारायच्या, ‘कुठं?’

‘म्हणजे... सगळीकडेच.’

‘सगळीकडे नावाचा देश कुठं आहे? नकाशात दाखव बघू.’

ही सवय वर्गापुरती असती तर एक वेळ ठीक. पण ती घरभर पसरली होती. त्यांच्या वहिनी म्हणाल्या, आज आमटी तिखट झालीय, की बाईंचा प्रश्न तयार, ‘कुणाच्या जिभेला?’ थोरले भाऊ वाडीतून हात धुवून येत म्हणायचे, उद्या कडक ऊन पडणार. ‘गिरीजला की वसईला?’ भाऊ गंभीरपणे थोडा वेळ विचार करायचे आणि मग सांगायचे, ‘गिरीजला.’ त्या घरात या प्रश्नाचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं.

मी त्यांच्याकडे गेले ती एका परदेशी अकाउंटन्सीच्या परीक्षेसाठी. अंधेरीच्या ज्या ऑफिसात मी होते तिथं इंग्लंडमधल्या छोट्या कंपन्यांची कामं यायची, आणि ही परीक्षा पूर्ण केल्याशिवाय पुढे सरकता येत नव्हतं. परीक्षेचे बाकी सगळे पेपर जगभर सारखेच. फक्त दोन वेगळे, कायद्याचा आणि कराचा. कायद्याला दोन पर्याय होते, एक इंग्लंडचा कायदा आणि दुसरा ‘जागतिक’, म्हणजे देशादेशांतल्या खरेदी-विक्रीचे नियम वगैरे. कराच्या पेपरला तर देशांची यादीच होती. फॉर्म भरताना त्या यादीतला एक देश निवडायचा आणि त्या देशाचा कर शिकायचा, मग तुम्ही जन्मात तिथं पाऊल टाकणार असा की नसा. ऑफिसातल्या एकीनं सांगितलं, वसईजवळ गिरीजला एक बाई आहेत, हे दोनच पेपर शिकवतात, जरा वेगळ्या आहेत. ‘वेगळ्या म्हणजे?’ मी विचारलं. ती हसली आणि म्हणाली, ‘जा, कळेल.’

विरारहून रविवारी सकाळी मी निघायचे. गिरीजच्या स्टॉपवर उतरून आत वळलं की डांबराचा रस्ता संपून दोन्ही बाजूंना केळी लागायच्या आणि एकदम गार वाटायचं. बाईंचं घर वाडीच्या मधोमध होतं. त्या पंचावन्न-छप्पन्नच्या असतील. उंच, हाडापेराने मजबूत, सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. लग्न केलं नव्हतं. एका बोटीच्या कंपनीच्या मुंबईच्या हापिसात त्यांनी बावीस वर्षं हिशेबखातं सांभाळलं होतं. ते ऑफिस बंद झालं, तेव्हापासून त्या घरीच होत्या आणि आमच्यासारख्यांना शिकवत होत्या. दारावर पाटी नव्हती. आम्ही एका वेळी सहा-आठ जण असायचो.

पहिल्या दिवशी मी वही उघडून ओट्यावर बसले तर म्हणाल्या, ‘ऊठ. बसून शिकलेला कायदा बसल्या जागीच राहतो.’

घरामागं बावखल होतं. वाडीला पाणी मिळावं म्हणून जुन्या लोकांनी खणलेलं तळं. त्याच्या काठाकाठानं बाई पुढे आणि आम्ही मागे, एका ओळीत, असा आमचा वर्ग चालायचा. बाई प्रश्न टाकायच्या, मागच्यानं उत्तर द्यायचं. उत्तर चुकलं की तो ओळीच्या शेवटी. शेजारच्या वाडीतल्या बायका भाजी खुडता खुडता आमच्याकडे बघून हसायच्या. एकदा त्यातल्या एकीनं भाऊंना विचारलंही, ‘तुमची बहीण या पोरांना दर रविवारी कसली प्रदक्षिणा घालायला लावते?’ भाऊ म्हणाले, ‘इंग्लंडची.’

दुसरी गोष्ट म्हणजे त्या कुठलाही कागद खालून वर वाचायच्या. शेवटच्या ओळीपासून सुरुवात करून पहिल्या ओळीपर्यंत. ‘सरळ वाचलं की डोळ्यांना पुढचं माहीत असतं, ते वाचतच नाहीत, नुसते धावतात,’ असं त्यांचं म्हणणं. विजेचं बिल, बँकेची पावती, औषधाच्या बाटलीवरचा कागद, सगळं उलटं. पुतण्याच्या लग्नाची पत्रिका मुलीकडून छापून आली तेव्हा सगळे ती हातात घेऊन कौतुक करत होते. बाईंनी खालून ‘आपले नम्र’पासून सुरुवात केली आणि मध्ये येऊन थांबल्या. तारखेपुढे वार चुकीचा होता. मुलीकडच्यांनी तोवर निम्म्या पत्रिका वाटल्या होत्या. मग भाऊ आणि पुतण्या दोन दिवस स्कूटरवरून घरोघर वार सांगत फिरले.

परीक्षेचा फॉर्म भरायचा तोही बाईंच्या ओट्यावर. प्रत्येकानं आपापला फोन आणायचा, फॉर्म भरायचा, पण पाठवायचं बटण दाबायचं नाही. बाई एकेकाचा फोन घेऊन चष्मा नाकावर ओढून तळापासून वाचायच्या. केंद्र. वेळ. तारीख. पर्याय. नाव. मग म्हणायच्या, ‘हं. दाब.’ यात एक सकाळ जायची. हा नियम कुणी मोडत नसे.

मी मोडला.

त्या आठवड्यात ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी म्हणालं की जवळच्या केंद्रातल्या जागा भरत आल्या आहेत, रविवारपर्यंत थांबलात तर पुण्याला जावं लागेल. एका हातात पोळीची गुंडाळी आणि दुसऱ्या हातात फोन, अशा अवस्थेत मी फॉर्म भरला आणि पाठवूनही दिला. केंद्र मिळालं. बाईंना सांगितलं, भरला. त्यांनी एकदा रोखून बघितलं. ‘उलटा वाचलास?’ मी ‘हो’ म्हणाले. वाचला नव्हता.

परीक्षेला बारा दिवस उरले असताना प्रवेशपत्र आलं. स्वयंपाकघरात उभी राहून मी ते उघडलं. मधल्या ओळीत कायद्याच्या पेपरापुढे ‘इंग्लंड’ असं लिहिलं होतं.

आम्ही चार महिने बावखलाभोवती फिरून पाठ केला होता तो जागतिक. यादीत आधी असलेला पर्याय मी न बघताच तसाच ठेवला होता. बदल करायची मुदत उलटून गेली होती. मी संस्थेला मेल केला, उत्तर आलं ते ठरावीक छापाचं. आई म्हणाली, ‘चेहरा का असा झालाय?’ म्हटलं, ‘गॅसचा वास येतोय का बघत होते.’ आईनं सिलेंडर बंद करून खिडक्या उघडल्या.

या परीक्षेवर माझं बरंच काही टांगलेलं होतं. आमच्या साहेबांनी नवीन टीम काढायचं ठरवलं होतं आणि कायदा, कुठलाही, आणि इंग्लंडचा कर हे दोन्ही पेपर झालेल्यांनाच त्यात घेणार होते. बाबा त्याच वर्षी निवृत्त होणार होते. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला टीमची नाही, बाईंचीच भीती जास्त वाटत होती. परीक्षेत नापास होणं समजू शकतं. ‘उलटा वाचलास?’ या प्रश्नाला मी तोंडावर खोटं बोलले होते.

मधल्या रविवारी मी गेले आणि मुकाट्यानं फेऱ्या घातल्या. ‘स्वीकाराचं पत्र कधी लागू होतं?’ बाईंनी विचारलं. ‘पोचल्यावर,’ मी म्हणाले. ‘कुठं?’ ‘जागतिक नियमात.’ ‘शाबास.’ ती शाबासकी मला चटका बसल्यासारखी लागली. जो कायदा मला विचारलाच जाणार नव्हता त्याची उत्तरं मी बरोबर देत होते. फेऱ्या संपल्यावर बाईंनी सगळ्यांची प्रवेशपत्रं मागितली.

‘माझं घरी राहिलं.’

‘फोनमध्ये असेल की.’

‘चार्जिंग...’

‘आहे. आत्ताच तू वेळ बघितलीस.’

मी फोन दिला. बाई तळापासून वाचू लागल्या. केंद्राचा पत्ता. वेळ. तारीख. मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. बोट मधल्या ओळीवर आलं आणि थांबलं. मला वाटलं, आता फोन बावखलात जातो. पण बाई ओट्याच्या कडेवर हळूच बसल्या. चेहऱ्यावरचा रंगच गेला होता. फोन त्यांनी माझ्या हातात दिला. मग उठून आत गेल्या आणि परत बाहेर आल्या नाहीत. थोड्या वेळानं वहिनी आल्या आणि म्हणाल्या, ‘जा रे पोरांनो आज. तिला बरं नाही वाटत.’

रस्ताभर मी रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन वाजला. ‘रजा टाक,’ बाई म्हणाल्या. ‘आठ दिवस आहेत. कंपन्यांचा भाग दोन्हीकडे जवळपास सारखाच, तो तुला येतो. कोर्टं, करार, नोकरीचा कायदा, एवढं नवीन. येताना डबा आणू नकोस, वहिनी करतील.’

‘बाई, मी खोटं...’

‘ते नंतर. आधी रजा.’

साहेबांनी कुरकुरत रजा दिली. मी रोज गिरीजला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी बाईंनी मला आतल्या खोलीत नेलं. तिथं लोखंडी कपाट होतं. आतमध्ये वह्या, नीट पुठ्ठे घातलेल्या, पाठीवर नावं लिहिलेली. ‘कायदा – इंग्लंड’ ही वही त्यांनी काढली. संपूर्ण पेपर त्यांच्या बारीक सरळ अक्षरात. मी बघत होते खालच्या कप्प्याकडे. ‘कर – सिंगापूर’. ‘कर – हाँगकाँग’. ‘कर – इंग्लंड’. ‘कर – मलेशिया’. ‘कर – आयर्लंड’. प्रत्येकाच्या तीन-तीन, चार-चार जाड वह्या.

‘बाई, एवढ्या देशांचे पेपर दिलेत तुम्ही?’

‘एकही नाही.’

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

‘कराचा पेपर राहिलाय माझा,’ बाई कपाट लावत म्हणाल्या. ‘बाकी सगळे झाले. एवढा एकच.’

आम्ही सगळेच समजत होतो की बाईंनी परीक्षा केव्हाच पूर्ण केलेली आहे. त्यांनी तसं कधी म्हटलं नव्हतं, पण आम्हीही कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच वाटली नव्हती.

जेवताना त्यांनी थोडंथोडं सांगितलं. कंपनी म्हणाली, तुम्हाला सिंगापूरला पाठवू. त्यांनी सिंगापूरचा कर केला. फॉर्म भरायच्या आधी कंपनीनं ठरवलं, सिंगापूर नको, हाँगकाँग. त्यांनी तो केला. मग लंडन म्हणाले. मग मलेशियात नवं हापिस निघणार होतं, ते निघालंच नाही. दर वेळी नवीन वह्या. शेवटी मुंबईचंच बंद झालं आणि पाठवणारं कुणी उरलं नाही.

‘आणि आयर्लंड?’

‘ते माझं मी केलं. घरी बसल्यावर.’

‘मग तो का नाही दिला?’

बाई ताटातल्या भाताला बोटानं वळसा घालत राहिल्या. वहिनीच म्हणाल्या, ‘दर वेळी फॉर्म उघडते, यादीपर्यंत जाते नि बंद करते. मी बघते ना. त्या दिवशी जेवत नाही मग.’

‘आधी कुणीतरी देश सांगायचं,’ बाई म्हणाल्या. ‘आता मीच सांगायचा. आणि यादी समोर आली की छातीत असं धडधडतं की वाटतं, जो घेईन तो चुकणार. तुझं प्रवेशपत्र बघितलं ना, तर मला वाटलं, हेच. ज्याची मला इतकी वर्षं भीती वाटत होती ते हेच. ते तुझ्या बाबतीत झालं, माझ्या हाताखाली.’

त्यानंतर आम्ही दोघी बावखलाभोवती फिरायला लागलो. एका दिवसात किती फेऱ्या झाल्या देव जाणे, माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पाठांतरात मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो करारांचा. जागतिक नियमात स्वीकाराचं पत्र समोरच्याला पोचलं की करार होतो. इंग्लंडमध्ये पत्र पेटीत टाकलं की त्याच क्षणी करार झाला, मग ते वाटेत हरवलं तरी. आणि इंग्लंडमध्ये करारासाठी मोबदला लागतो. दोन्ही बाजूंनी काहीतरी दिलं पाहिजे, एखादं वचन तरी. मी सारखी घोटाळा करत होते. पाचव्या दिवशी बाई वैतागल्या. ‘तोंडानं नाही कळत तुला. मला एक प्रस्ताव लिहून दे. खराखुरा. मी स्वीकारते, मग बघ कधी काय लागू होतं.’

‘कसला प्रस्ताव?’

‘कसलाही. वाडीतली केळी विकत घे.’

मी ओट्यावर बसले आणि कागदावर लिहिलं. कुठून धैर्य आलं माहीत नाही. कदाचित सगळं बिघडलेलंच होतं म्हणून. लिहिलं ते असं: ‘पुढच्या वेळी आपण दोघींनी एकाच दिवशी कराचा पेपर द्यायचा. तुम्ही जो देश निवडाल तोच मी घेईन.’

बाईंनी कागद खालून वर वाचला. दोनच ओळी होत्या, तरी.

‘तुझ्या ऑफिसला इंग्लंडचा पाहिजे ना?’

‘हो.’

‘मी मलेशिया घेतलं तर?’

‘तर मी मलेशिया देईन.’

‘टीम?’

मी कागदाकडे बघितलं. तो आता त्यांच्या हातात होता.

‘मोबदला आहे,’ बाई स्वतःशीच म्हणाल्या. ‘वचनाला वचन. चालेल.’ मग आत गेल्या आणि एक आंतर्देशीय पत्र घेऊन आल्या. त्यावर ‘मान्य आहे’ एवढंच लिहून सही केली, माझा विरारचा पत्ता घातला आणि म्हणाल्या, ‘चल.’

नाक्यावर लाल पेटी होती. बाईंनी पत्र फटीत घातलं आणि हात तसाच ठेवला. पत्र निम्मं आत, निम्मं बाहेर. बस आली, माणसं उतरली, बस गेली. भाजीची टोपली घेतलेली एक म्हातारी थांबून म्हणाली, ‘बाय, हात अडकला का? पानी आनू?’ बाईंनी मान हलवली. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी शेजारी उभी होते आणि मला कळत नव्हतं की मला काय हवंय. त्यांनी पत्र सोडावं, की सोडू नये. सोडलं तर माझी टीम त्यांच्या हातात जाणार होती. मग पेटीत कागद पडल्याचा आवाज आला.

‘झाला?’ बाईंनी विचारलं.

‘इंग्लंडमध्ये झाला.’

‘आणि जगात?’

‘अजून नाही. चार दिवसांनी.’

‘आता येईल तुला,’ बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांचा फोन आला. आवाज घाबरा. ‘पत्र पोचलं नाही ना तुला?’

‘नाही.’

‘मग मी मागे घेते. जागतिक नियमात पोचायच्या आधी मागे घेता येतं. तूच सांगितलंयस.’

‘बाई,’ मी म्हणाले, ‘माझा पेपर इंग्लंडचा आहे.’

मग त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की मागून वहिनींनी विचारलेलं मला ऐकू आलं, काय झालं म्हणून.

कायद्याचा पेपर मी दिला. पत्राचा प्रश्न आलाच नाही. नोकरीचा कायदा आला आणि मी एक अख्खा प्रश्न चुकवला. बाहेर आले तर बाई केंद्राच्या फाटकाशी उभ्या. गिरीजहून आल्या होत्या, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. किती गुण पडतील हे त्यांनी कधीच कुणाला विचारलं नाही. त्यांचा प्रश्न ठरलेला असे, ‘कुठं घाबरलीस?’ मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘तिथं मीही घाबरले असते,’ आणि आम्ही समोरच्या हॉटेलात इडली खाल्ली. मी पास झाले. अगदी काठावर.

मग पुढचे दोन महिने माझी झोप उडाली. फॉर्म उघडले आणि बाईंचे फोन सुरू झाले. सोमवारी, ‘हाँगकाँग सोपं पडेल. तिथला कर कमी पानांत मावतो.’ बुधवारी, ‘सिंगापूरच्या वह्या जास्त चांगल्या आहेत.’ शनिवारी, ‘आयर्लंड घेतलं तर तू रागावशील?’ मी दर वेळी म्हणायचे, ‘तुम्ही म्हणाल ते.’ आणि फोन ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहायचे. साहेबांनी दोनदा विचारलं, कराचा कुठला देश घेतलास? मी म्हटलं, ठरतंय. त्यांनी भुवया वर केल्या. त्यांच्या मते त्यात ठरायचं काय होतं! आई म्हणाली, ‘त्या बाईंना सरळ सांग ना, तुला काय हवंय ते.’ पण ते सांगितलं असतं तर परत कुणीतरी दुसऱ्यानंच त्यांना देश सांगितल्यासारखं झालं असतं. आणि प्रस्ताव मीच लिहून दिला होता.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मी ओट्यावर बसले. बाईंनी स्वतःचा फॉर्म उघडला, यादीपर्यंत गेल्या. भाऊ वाडीतून आले आणि खांबाला टेकून उभे राहिले. वहिनी दारात. बाईंचं बोट यादीवरून खाली गेलं, वर आलं, परत खाली गेलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. कितीतरी वेळ बघत होत्या.

‘तुझी झोप होत नाही ना?’ त्यांनी विचारलं.

‘होते की.’

‘परत खोटं बोललीस,’ असं म्हणून त्यांनी इंग्लंड निवडलं. फोन माझ्याकडे दिला. ‘वाच. खालून.’

मी वाचला. सगळं बरोबर होतं. म्हणाले, ‘हं. दाबा.’

परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या रखवालदारानं मला आत सोडलं आणि बाईंना म्हणाला, ‘पालकांनी तिकडे बाकावर बसायचं.’ बाई गेल्या आणि बसल्या! मी मागे वळून बघते तर त्या बाकावर, पर्स मांडीवर, इतर आयांच्या रांगेत. मी धावत गेले. ‘बाई, चला ना.’ ‘तो म्हणाला...’ ‘तुमचं प्रवेशपत्र दाखवा त्याला.’ त्यांनी दाखवलं. रखवालदारानं एकदा कागदाकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि एकदम सलामच ठोकला. आत गेल्यावर मला त्यांची पाठ दिसत होती, तीन रांगा पुढे. पहिला अर्धा तास त्या नुसत्या बसून होत्या. मी माझा पेपर सोडून त्यांच्या पाठीकडे बघत होते. मग त्यांचा उजवा खांदा हलायला लागला आणि मी माझ्या पडद्याकडे वळले.

मी पास झाले. बाई नापास झाल्या. सेहेचाळीस गुण, चार कमी. निकाल त्यांनी स्वतः फोन करून सांगितला, अगदी साध्या आवाजात. पुढच्या रविवारी फेऱ्या सुरू करायच्या आधी त्या सगळ्यांना म्हणाल्या, ‘एक सांगायचं राहिलं होतं. मी ही परीक्षा पूर्ण केलेली नाही. कराचा पेपर राहिलाय. गेल्या आठवड्यात त्यात नापास झाले. हे तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं.’ सगळे चपापले. दोघं जण पुढच्या रविवारपासून आले नाहीत. त्यातला एक नायगावचा होता, बाईंचा आवडता, ओळीत नेहमी पहिला. बाईंनी त्याला दोनदा फोन केला, त्यानं उचलला नाही. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. पण फेऱ्या घालताना बरेच दिवस त्या सवयीनं मागे वळून पहिला प्रश्न विचारायच्या आणि मग त्यांना आठवायचं की तिथं आता दुसरंच कुणी आहे.

मला नव्या टीममध्ये घेतलं. काम वाढलं, गिरीजला जाणं महिन्यातून एकदा झालं. पुढच्या फॉर्मच्या वेळी मी फोन केला तर बाई म्हणाल्या, ‘भरला.’

‘कधी? कुणी वाचला?’

‘मीच. बसस्टॉपवर.’

‘इंग्लंडच ना?’

‘छे! ज्या देशात नापास झाले तिथं परत कशाला जायचं? आयर्लंड.’

या वेळी त्या एकट्याच गेल्या. मी रजा मागितली होती, मिळाली नाही. निकालाच्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचा फोन आला नाही. मी केला, तो बंद होता. मला ऑफिसात काही सुचेना. दोनदा आकडे चुकवले. संध्याकाळी भाऊंच्या फोनवरून वहिनी बोलल्या. आधी कुणाशी तरी घरच्या बोलीत काहीतरी बोलत होत्या, मग माझ्याशी, ‘झाली गं. त्रेपन्न. मला त्यातलं काय कळत नाही, पण झाली म्हणते.’

‘बाईंना द्या ना फोन.’

‘ती वाडीत गेलीय. म्हणते, कुणाशी बोलायचं नाही आज.’

त्या रविवारी मी मुद्दाम पेढे घेऊन गेले. बाकीची पाच जणं ओट्यावर आधीच बसली होती, वह्या मांडीवर. बाई कुठं दिसत नव्हत्या. इतक्या महिन्यांत एकदाही त्या आमच्या आधी बावखलाशी नव्हत्या असं झालं नव्हतं. मी आत डोकावले. वहिनी पाय न वाजवता बाहेर आल्या आणि दार ओढून घेतलं.

‘झोपलीय,’ त्या कुजबुजल्या. ‘काल दुपारपासून. मध्ये उठली, भात खाल्ला, परत झोपली. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हिला दिवसा झोपलेली बघितली नव्हती. उठवू का?’

‘नको, नको,’ आम्ही सगळे एकदम म्हणालो, पण हळू आवाजात.

भाऊ वाडीतून आले, त्यांनी पंप बंद केला, आवाज नको म्हणून. आम्ही सहा जण ओट्यावर तसेच बसून राहिलो. आतून बाईंचं घोरणं ऐकू येत होतं, एका लयीत, मोठं. कुणी हसलं नाही. ऊन पायरीपर्यंत आलं, मग ओट्यावर चढलं, तसे आम्ही भिंतीकडे सरकलो. अकरा वाजता वहिनींनी पेढ्यांचा पुडा उघडून एकेक आमच्या हातावर ठेवला, एक देवापुढे ठेवला, आणि आम्ही चपला हातात घेऊन अनवाणीच फाटकाबाहेर पडलो.